आधी उत्तर, मग गुण

महाविद्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना पडते: ‘आजच्या विषयावर सर्वांनी चर्चेत सहभाग नोंदवावा. सहभागाला अंतर्गत गुण आहेत.’ पुढच्या दहा मिनिटांत ग्रुप वाजायला लागतो. ‘यस सर.’ ‘ओके सर.’ अंगठा. जोडलेले हात. ‘छान माहिती सर.’ ‘मी वरील मताशी सहमत आहे.’ वर जाऊन पाहावं तर तिथंही सहमतीच. मूळ मत मांडलेलं कुणीच नाही. सत्र संपलं की या सगळ्याची बेरीज होते आणि रकान्यात आकडा पडतो.

याला चर्चा म्हणायचं नाही. ही हजेरी झाली. हजेरीला गुण द्यायचे असतील तर खुशाल द्या, पण चर्चेच्या नावावर देऊ नका.

प्रश्न सगळ्या महाराष्ट्राचा आहे, पण हिंगोलीत तो जास्त टोचतो. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. आमच्या पोरांचा दहावीचा निकाल लागतो छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळातून, पदवीचा लागतो नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून. नियम येतात पुण्या-मुंबईहून, दिल्लीहून. ते लिहिणाऱ्याच्या टेबलाशेजारी वायफाय असतं. पाळणारी पोरगी सेनगाव तालुक्यातल्या वाडीवर किंवा कळमनुरीकडच्या तांड्यावर एका काडीच्या रेंजसाठी माळवदावर चढलेली असते. दोघांना एकाच मापानं मोजायचं आणि निघालेल्या आकड्याला गुणवत्ता म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आकडा पाठवण्याची सवय

ही सवय लागली टाळेबंदीत. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. 13 एप्रिलपासून राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावानं रोजची अभ्यासमाला मोबाइलवर पाठवायला सुरुवात केली. जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली. मग ‘स्वाध्याय’ नावाची आठवड्याची प्रश्नमंजूषा व्हॉट्सॲपवर आली. हेतू चांगला होता, आणि त्या काळात कुणीतरी काहीतरी करत होतं याचं मोल मोठं आहे. कित्येक गुरुजी आणि बाई स्वतःच्या गाडीवर पेट्रोल टाकून वाडी-तांड्यावर गेले, पारावर, देवळाच्या ओसरीवर चार-चार लेकरं घेऊन बसले. त्यांची आठवण ठेवूनच पुढचं बोलतो.

त्या काळाच्या थोडं आधी घराघरात साधनं किती होती? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीत, म्हणजे 2017-18 मध्ये, देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी संगणक होता 4.4 टक्के घरांत आणि इंटरनेटची सोय होती 14.9 टक्के घरांत. तरीही वरून रोज एकच विचारणा व्हायची: आज किती मुलं जोडली गेली? खालून आकडा जायचा. मूल काय शिकलं, हे त्या रकान्यात लिहायला जागाच नव्हती. निरोप पोचला की शिक्षण पोचलं आणि उलट ‘यस सर’ आलं की मूल शिकलं, अशी समजूत त्या दोन वर्षांत घट्ट झाली.

शाळा उघडल्या, समजूत राहिली. 2024-25 पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत पदवीला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि सततच्या अंतर्गत मूल्यमापनाची चर्चा गावोगावच्या स्टाफरूमपर्यंत पोचली. केंद्राच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचाची रचनाच व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वमूल्यमापन आणि चर्चा अशी चार भागांची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमानुसार एका अभ्यासक्रमातले 40 टक्क्यांपर्यंत विषय अशा पद्धतीनं पूर्ण करता येतात. म्हणजे ऑनलाइन चर्चा आता टाळेबंदीपुरती तात्पुरती सोय उरलेली नाही. तिच्यावर पदवी तोलली जाऊ शकते. मग तिचं माप नीट हवं.

आपण नक्की काय मोजतो?

एक उदाहरण धरू. अर्थशास्त्राचा वर्ग आहे. सरांनी ग्रुपवर प्रश्न टाकला: हळदीचा भाव कोण ठरवतं? हिंगोलीत हा प्रश्न विचारणं म्हणजे निम्म्या वर्गाच्या घरातलीच गोष्ट विचारणं. संत नामदेव मार्केट यार्डात हळदीची आवक होते तेव्हा वाहनांच्या रांगा लागतात आणि वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

पहिला विद्यार्थी पाच मिनिटांत तीस ओळी टाकतो. हळदीतलं कर्क्युमिन, हळदीचे औषधी उपयोग, भारताची निर्यात, आणि शेवटी ‘निष्कर्षतः असे म्हणता येईल’. मजकुराच्या डोक्यावर ‘फॉरवर्डेड’ अशी चिठ्ठी तशीच राहिलेली. भाव कोण ठरवतं, हे तीस ओळींत कुठंही नाही. दुसरा लिहितो, ‘खूप सुंदर.’ तिसरा, चौथा, पाचवा अंगठा दाखवतात.

रात्री साडेदहाला एक मुलगी आवाजाचा संदेश पाठवते. दिवसभर फोन वडिलांकडे होता, ते हळद घेऊन यार्डात गेले होते. ती सांगते, ‘सर, आज आमची हळद बीटात लागली. व्यापाऱ्यानं कांडी मोडून बघितली अन् ओल हाय म्हणला. भाव खाली आला. शेजारच्या काकाची तशीच हळद सकाळी वरच्या भावानं गेली व्हती. दुपारून व्यापारी कमी व्हते म्हणून असं झालं का, सर?’

वर्गातलं अर्थशास्त्र तिथं सुरू झालं. मालाची प्रत, खरेदीदारांची संख्या, लिलावाची वेळ: भाव ठरवणाऱ्या तीन गोष्टी तिनं चाळीस सेकंदांत सांगितल्या आणि वर प्रश्न विचारला. आता मोजणी पाहा. पहिल्याच्या तीस ओळी, म्हणून पूर्ण गुण. अंगठेवाल्यांचा प्रतिसाद वेळेत, म्हणून अर्धे. मुलीचा संदेश मुदत संपल्यावर आला, शिवाय टाइप केलेला नाही, म्हणून शून्य. तिच्या प्रश्नाला उत्तरही नाही, कारण सकाळी नवा विषय पडला.

हे गुण फोन कुणाच्या हातात होता याचे आहेत. रिचार्ज संपला होता की नाही, याचे आहेत. बिनधास्त टाइप करण्याच्या सवयीचे आहेत. घरात फोन एक आणि शिकणारी लेकरं तीन असली तर तो आधी कुणाला मिळतो, याचेही आहेत, आणि बहुतेक घरांत ते पोरगं असतं. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर कोपीवर असलेल्या मुलाची तर गोष्टच सोडा. त्याच्या नावापुढचा शून्य हा त्याच्या बुद्धीचा निकाल नव्हे.

न ऐकता दिलेले गुण

न ऐकता गुण वाटण्याची खोड मोबाइलबरोबर आलेली नाही, ती जुनीच आहे. दहावीच्या भाषा विषयांना तोंडी परीक्षेचे 20 गुण शाळेच्या हातात असत. मार्च 2019 च्या परीक्षेला ते काढले आणि भाषेची सगळी 100 गुणांची लेखी परीक्षा घेतली. राज्याचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता, तो 2019 मध्ये 77.10 टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, हे खरं. पण बारा टक्क्यांची घसरण पाहून सगळीकडे ओरड झाली, शाळेच्या हातातले गुण परत आले आणि 2020 मध्ये निकाल 95.30 टक्के लागला. 2021 मध्ये परीक्षाच झाली नाही. नववीचे 50, दहावीच्या शाळेतल्या लेखी चाचण्यांचे 30 आणि तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठाचे 20 असा हिशेब लावला आणि निकाल लागला 99.95 टक्के.

या आकड्यांवरून शिक्षकांना चोर ठरवणाऱ्यांशी माझं जमत नाही. लेकरू नापास होऊ नये असं गुरुजींना वाटतं, यात वाईट काही नाही. वाईट हे, की तोंडी परीक्षेत मूल खरंच काय बोललं, हे कुणी ऐकलं, कुणी लिहून ठेवलं, कुणी त्याला सांगितलं, याचा पत्ता नाही. बोलण्याचे गुण आहेत आणि बोलणंच झालेलं नाही, अशी कितीतरी उदाहरणं आईबापांना आणि मुलांना माहीत आहेत.

दुसरं उदाहरण खालच्या इयत्तांचं. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातली आकारिक मूल्यमापनाची साधनं वाचली तर मन प्रसन्न होतं: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद करायची. कल्पना सुंदर होती. मग बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली, त्यांच्या पीडीएफ ग्रुपवर फिरल्या. ‘वर्गातील चर्चेत उत्स्फूर्तपणे भाग घेतो.’ हे वाक्य एकाच वर्गातल्या दहा मुलांच्या नावापुढं सापडतं आणि त्यातली चार मुलं वर्षभर तोंड उघडत नाहीत. नोंद मुलाची असायला हवी होती, ती पुस्तकाची झाली.

आता तेच दुखणं ऑनलाइन चर्चेला जडलं आहे. फरक एवढाच, की पूर्वी नोंद शिक्षक उतरवून घेत, आता मुलं मजकूर उतरवतात. दोन्हीकडे ऐकणारा गैरहजर.

मग गुण बंदच करायचे का?

काही प्राध्यापक म्हणतात, ही कटकटच नको. चर्चेला गुण ठेवूच नका. ज्याला बोलायचं तो बोलेल.

हेही चूक आहे, आणि जास्त चूक आहे. गुण काढले की बोलतात तेच जे आधीपासून बोलत आले: पुढच्या बाकावरचे, शहरातले, ज्यांच्या घरी बोलायची मोकळीक आहे ते. कळमनुरी तालुक्यातला आंध समाजाचा मुलगा, तांड्यावरची घरी गोरमाटी बोलणारी मुलगी यांना भरल्या वर्गात प्रमाण मराठीत उभं राहून बोलायला जो धीर लागतो, तो एका सत्रात येत नाही. त्यांना लिहायला दिलं, वेळ दिला, तर ती बोलती होतात. ऑनलाइन चर्चेचा खरा फायदा हाच आहे आणि तो आपण मातीत घालतो आहोत.

वेळ देण्याचं महत्त्व अभ्यासातून सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासलं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबत, मग स्वतः बोलत किंवा दुसऱ्याला उठवत. थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. दोन सेकंदांनी इतका फरक पडतो. ऑनलाइन चर्चेत तर आपण दोन दिवस, चार दिवस थांबू शकतो. आणि आपण काय करतो? ‘रात्री आठपर्यंत प्रतिसाद द्यावा.’

म्हणून गुण ठेवा. पण ते बोलल्याचे नकोत. ऐकून घेतलं, उत्तर दिलं, त्यानंतर विद्यार्थी पुढं सरकला का, याचे हवेत.

गोरोबांचं थापटणं

या जिल्ह्याला मूल्यमापनाची एक गोष्ट सातशे वर्षांपासून माहीत आहे. नर्सी हे परंपरेनं नामदेव महाराजांचं जन्मगाव. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून कुंभार असलेले गोरोबाकाका मडकी पारखायला उठले, हातात थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर वाजवत गेले. बाकीचे स्वस्थ बसले, नामदेव रागावले, आणि गोरोबांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं.

कीर्तनात ही गोष्ट अहंकारावर सांगतात. शिक्षकांनी ती दुसऱ्या अंगानंही ऐकावी. गोरोबांनी दुरून यादी केली नाही. प्रत्येकाजवळ स्वतः गेले, प्रत्येकाचा आवाज स्वतः ऐकला. आणि नामदेव कच्चे ठरले तिथं गोष्ट थांबली नाही. त्या निकालानं त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडं पोचवलं, गुरू मिळवून दिला. पुढं हेच नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि त्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात विराजमान झाली. कच्चा म्हटल्यावर पुढची वाट दाखवली गेली, म्हणून त्या परीक्षेला अर्थ आला. आपल्या अंतर्गत गुणांच्या यादीत ‘पाचपैकी दोन’ लिहिल्यावर त्या मुलाला कुठली वाट दाखवली जाते?

गप्प बसलेला प्रत्येक विद्यार्थी पक्का असतो असंही समजू नका. गप्प राहणाऱ्याला काही येत नसेल, भीती वाटत असेल किंवा त्याचा नेटपॅक संपला असेल. कारण कळण्यासाठी जवळ जावंच लागतं.

प्रश्न बदला, फॉरवर्ड आपोआप थांबेल

प्राध्यापकांची एक तक्रार रास्त आहे. मुलं कृत्रिम बुद्धिमत्तेकडून उत्तर लिहून घेतात आणि चिकटवतात. त्या मजकुरातल्या चांदण्यांच्या (*) खुणासुद्धा पुसत नाहीत. खरं आहे. पण प्रश्न कसे टाकले जातात तेही पाहू. ‘गुरुत्वीय लहरी म्हणजे काय ते सविस्तर लिहा.’ याचं उत्तर यंत्र देणारच, आणि बऱ्याच मुलांपेक्षा चांगलं देणार.

आता हाच प्रश्न हिंगोलीचा करा. औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये तिला सुमारे 2600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेलं, जमिनीच्या अगदी बारीक थरथरीनंही विचलित होणारं हे यंत्र. आणि याच जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात. 21 मार्च 2024 च्या सकाळी 4.5 तीव्रतेच्या धक्क्यानं जिल्हाभर लोक झोपेतून उठून अंगणात आले. मग भौतिकशास्त्राच्या वर्गाला विचारा: त्या सकाळी तुमच्या घरात काय हललं, किती वेळ हललं? आणि अशा जिल्ह्यात लायगोची जागा निवडताना शास्त्रज्ञांनी काय काय तपासलं असेल? रेल्वे, महामार्ग, समुद्राच्या लाटा, खाणी यांपासूनचं अंतर का महत्त्वाचं?

या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग प्रत्येक मुलाकडं असतो. कुणाच्या मांडणीवरची भांडी पडली, कुणाची म्हैस आधीच बिथरली, कुणाला काहीच कळलं नाही. काहीच न कळलेल्याचं उत्तरही कामाचं आहे, कारण त्याचं घर कुठं आहे आणि कसलं आहे यावरून चर्चा पुढं जाते. कृत्रिम बुद्धिमत्ता याचं उत्तर देऊ शकत नाही, कारण ती त्या अंगणात नव्हती. ज्या प्रश्नाचं उत्तर पंचक्रोशीतल्या पोराकडंच असतं, तो प्रश्न टाकणं ही शिक्षकाची मेहनत आहे. ती टाळायची आणि पोरांच्या चोरीवर बोट ठेवायचं, हे चालणार नाही.

उत्तर द्यायचं कुणी?

इथं शिक्षकांच्या बाजूनं बोलायला हवं. वर्गात 80 विद्यार्थी धरा. प्रत्येकाचं वाचून, ऐकून दोन ओळी लिहायच्या तर माणशी तीन मिनिटं. झाली 240 मिनिटं, सरळ चार तास. हे एका वर्गाचं, एका प्रश्नाचं. असे वर्ग तीन असले तर बारा तास.

हे बारा तास कुणाच्या कार्यभारात धरले आहेत? कुणाच्याच नाही. ग्रामीण महाविद्यालयांत जागा रिकाम्या आणि शिकवणारे बरेच जण सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. त्यांना मानधन घेतलेल्या तासाचं. ते मानधन महिनोन्महिने लांबतं, हे राज्यभरच्या सीएचबीधारकांचं जुनं रडगाणं आहे आणि ते खरं आहे. अशा माणसानं रात्री अकराला बसून ऐंशी मुलांना फुकट उत्तरं लिहावीत, अशी अपेक्षा ठेवणारी व्यवस्था स्वतः मात्र एक रुपया खर्च करत नाही. मग तो काय करतो? नावांची यादी घेतो आणि ज्याचा संदेश दिसला त्याच्यापुढं चार, दिसला नाही त्याच्यापुढं एक. त्याला दोष देण्याआधी त्याचे तास मोजा.

काय करायचं ते करता येण्यासारखं आहे

पहिलं, हजेरी वेगळी आणि चर्चा वेगळी. ‘यस सर’, अंगठा, ‘सहमत आहे’ यांना चर्चेचा एकही गुण नाही, हे सत्राच्या पहिल्या दिवशी मराठीत लिहून सांगा.

दुसरं, पंधरा दिवसांत एकच प्रश्न आणि तो सात दिवस उघडा. सात दिवसांत घरचा फोन प्रत्येकाच्या हाती एकदा तरी येतो. पहिल्या येणाऱ्याला जास्त गुण, हा प्रकार बंद.

तिसरं, उत्तराच्या तीन वाटा: टाइप करून, आवाजात बोलून किंवा वहीच्या पानावर लिहून वर्गात देऊन. तिन्हींना गुण सारखे. बोलीत सांगितलं म्हणून एकही गुण कापायचा नाही.

चौथं, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं: शिक्षकाचं उत्तर गेल्याशिवाय गुण नाहीत. दोन ओळी पुरेत. ‘तू सांगितलेली दुपारच्या लिलावाची गोष्ट बरोबर आहे, आता सकाळी आणि दुपारी किती खरेदीदार होते ते वडिलांना विचार.’ एवढं मिळालं की मुलगी पुढच्या वेळी स्वतःहून बोलेल.

पाचवं, गुण सहभागाच्या संख्येवर नकोत. सत्रातल्या उत्तरांपैकी विद्यार्थ्यानं स्वतः निवडलेली दोन उत्तम उत्तरं घ्या. मित्राच्या म्हणण्यावर मुद्देसूद हरकत घेतली, आपलं मत पुराव्यानं बदललं, चांगला प्रश्न विचारला, यांना पूर्ण गुण. ऐंशी जणांना एका वेळी उत्तरं देणं जमत नसेल तर वर्गाचे चार गट करा, दर खेपेला एका गटाला सविस्तर उत्तर द्या.

सहावं, विद्यापीठानं आणि शासनानं या उत्तरांचे तास कार्यभारात धरावेत, सीएचबीवाल्यांनाही त्याचं मानधन द्यावं. ते द्यायचं नसेल तर ऑनलाइन चर्चेच्या गुणांचा आग्रहही सोडावा. फुकटच्या मूल्यमापनातून फुकटचेच आकडे निघतात.

यातल्या पहिल्या पाच गोष्टींना शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. विभागप्रमुखानं सोमवारी ठरवलं तर मंगळवारपासून होतात.

विद्यार्थ्यांनाही एक सांगतो. चिकटवलेल्या तीस ओळींपेक्षा स्वतःच्या तीन ओळी लिहा. चुकल्या तर चुकू द्या. चुकलेल्या ओळीला उत्तर मिळतं आणि त्यातून माणूस शिकतो. उसन्या ओळीला कुणी काय उत्तर देणार?

आणि आईबापांनो, गुणपत्रिका हातात आली की आपण अंतर्गत गुणांचा आकडा बघतो आणि खुश होतो किंवा चिडतो. यापुढं महाविद्यालयात जाल तेव्हा एवढंच विचारा: माझ्या लेकरानं चर्चेत काय म्हटलं आणि तुम्ही त्याला काय उत्तर दिलं? दोन्ही दाखवता आलं तर दिलेले गुण मान्य करा, कमी असले तरी. दाखवता आलं नाही तर ते गुण कितीही जास्त असोत, ते तुमच्या लेकराचे नाहीत.